पात्याला पाणी कोणी द्यायचं

आयतू टेकामच्या हातातला कोयता मोडला तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. जंगलातली बांबूतोड अजून सुरू व्हायची होती. तो आपल्या घराच्या कुडासाठी नाल्याकाठचे बांबू तोडत होता. डाव्या हाताने बांबू धरलेला, उजव्या हाताने घाव. घाव गाठीवर बसला आणि पात्याचा निम्मा तुकडा सुटून उलटा आला, तो डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. बायकोने लुगड्याची चिंधी फाडून हात आवळून बांधला आणि बैलगाडीत घालून त्याला पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं. जखम शिवून झाली. अंगठा मात्र पुन्हा वाकायचा नाही, असं डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयतूचा भाऊ खैरझरीला देवराव नगराळेच्या दारात येऊन उभा राहिला. फडक्यात बांधलेले कोयत्याचे दोन तुकडे त्याने ओट्यावर ठेवले. देवरावची बायको सत्यशीला पाण्याचा गडवा घेऊन पुढे आली. त्याने घेतला नाही. काय घडलं ते थोडक्यात सांगितलं, कोणाला शिवी दिली नाही, आणि आल्या वाटेने पोडाकडे निघून गेला. कोलामांच्या वस्तीला त्या भागात पोड म्हणतात. खैरझरीच्या भोवती डोंगराच्या कुशीत असे बरेच पोड होते आणि बांबू तोडायला त्या सगळ्यांत देवरावचेच कोयते चालत.

देवराव तुकडे हातात घेऊन बसून राहिला. मोडलेल्या जागी पोलाद ताजं, करडं, मिठाच्या खड्यासारखं चमकत होतं. पण धारेच्या बाजूला नखाएवढी जागा काळी होती. ताजी मोड काळी नसते. म्हणजे चीर आधीच पडलेली होती, ती मागाहून विस्तवावर शेकली गेली होती. आयतूने कोयता हातात घेतला तेव्हाच तो फुटका होता.

"दिसलं नसंन कोनाले," सत्यशीला म्हणाली.

"नाही तं दिसलं असंन, अन् कोनी बोललं नाही," देवराव म्हणाला.

देवराव तेव्हा पस्तिशीच्या घरात होता. तरुणपणी तो पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली राबला होता. हंगामात कापसातली सरकी काढणारा रेचा अडला की फिटर त्याच्या हातात कानस द्यायचा, आणि लोखंड केसभर कमी करायचं म्हणजे काय ते देवराव तिथेच शिकला. छप्पन सालच्या दसऱ्याला नवरा-बायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. बायकोने जुनं नाव तिथेच सोडलं आणि सत्यशीला होऊन परतली. त्या वर्षापासून त्यांच्या बौद्ध वस्तीने गावातली मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावाने उलट वस्तीला कामावर बोलावणं बंद केलं, आणि दळणापासून पाण्यापर्यंत जिथे जिथे अडवता येईल तिथे अडवलं. जिनिंगचं काम तर हंगामापुरतंच असायचं. मग देवरावने असा धंदा धरला की ज्याचं गिऱ्हाईक गावात नव्हतं, जंगलात होतं.

नागपूर-हैदराबादच्या सडकेवर ट्रकांच्या कमानीचे पाटे मोडायचे. ते मोडके पाटे तो भंगारवाल्याकडून आणायचा, घरामागच्या आगटीत लाल करून राखेत पुरून नरम करायचा, छन्नीने तोडायचा आणि कानशीने घासून पातं घडवायचा. मूठ धावड्याच्या लाकडाची. सत्यशीला मुठी तासायची आणि शेवटची धार दगडावर तीच लावायची. एवढं सगळं घरचं होतं. घरचं नव्हतं ते फक्त पाणी.

पातं नुसतं घासून चालत नाही. ते पुन्हा लाल करून एकदम बुडवावं लागतं, म्हणजे कडक होतं. याला पाणी देणं म्हणतात. मग कडकपणा काचेसारखा तडकू नये म्हणून मंद आचेवर परत शेकावं लागतं. लाली थोडी जास्त झाली तर पातं तडकतं, थोडी कमी झाली तर पहिल्याच बांबूला धार वळते. देवरावने एकदा घरीच करून पाहिलं होतं. पाती सापासारखी वाकडी झाली. तेव्हापासून पाणी द्यायचं काम मारोती लोहाराकडे होतं.

मारोती गावचा. त्याचा हात चांगला, मनही वाईट नव्हतं, पण गावाने त्यालाही बजावलं होतं की वस्तीचं लोखंड भट्टीवर घ्यायचं नाही. तो नाही म्हणाला नाही आणि उघडपणे हो म्हणायची त्याची छाती झाली नाही. देवरावने पाती पोत्यात बांधून नाल्याच्या काठावर पळसाखाली ठेवायची; मारोतीने ती उचलायची, सवडीने पाणी द्यायचं आणि पोतं पुन्हा तिथेच आणून ठेवायचं. चार वर्षं असं चाललं. या चार वर्षांत देवरावने आपल्या पात्यांना पाणी देताना एकदाही पाहिलं नव्हतं.

आणि आता त्याच खेपेतले बाकीचे कोयते पोडापोडांतून वाटले गेले होते. आणखी कितींत चीर आहे कोण जाणे. कोणी कुड बांधत असेल, कोणी जळण फोडत असेल.

देवराव जेवायला थांबला नाही. फडक्यात भाकरी बांधून तो निघाला. पहिल्या पोडात त्याला पाहून बायका झोपड्यांत गेल्या. आयतूची गोष्ट तिथे त्याच्या आधी पोचली होती. त्याने पोडाच्या नाईकाला सांगितलं की या वर्षीचे कोयते परत द्या, वापरू नका, बदल्यात दुसरे देईन. नाईकाने एवढंच विचारलं की दुसरेही त्याच लोहाराकडचे का. कोयते मात्र मिळाले. दुसऱ्या पोडात मिळाले, तिसऱ्यात मिळाले. प्रत्येक कोयता हातात येताच तो पातं अंगठ्याच्या नखाने वाजवून पाहायचा. काही खणखणीत वाजत, काही बद्द.

शेवटच्या पोडातला एक माणूस घरी नव्हता. बांबूतोडीच्या ठेकेदाराच्या मुकादमाने त्याला तोडीची वाट साफ करायला डोंगरावर पाठवलं होतं आणि कोयता त्याच्याजवळ होता. देवराव चढण चढू लागला. उन्हं कलली होती. वरून घावांचा आवाज येत होता, ठाक, ठाक, आणि मधूनच थांबायचा. तो थांबला की देवराव जागीच उभा राहून कान द्यायचा. पुन्हा सुरू झाला की तो पळायचा. काटेरी झुडपांनी धोतर फाटलं ते त्याला कळलंही नाही. माणूस दिसला तेव्हा तो एका जाडजूड बांबूच्या बुडाशी वाकून घाव घालत होता, तोंड पात्यापासून हातभरावर.

देवरावने हाक मारली, पण धापेने आवाज फुटला नाही. त्याने सरळ जाऊन त्याचा हात धरला. तो माणूस चिडला, भांडायला उठला. देवरावने काही न बोलता कोयता घेतला आणि बाजूच्या खडकावर बोथट बाजूने आपटला. पातं मधोमध दुभंगलं आणि टोकाकडचा तुकडा झुडपात उडून गेला. दोघेही त्या तुकड्याकडे पाहत राहिले. मग त्या माणसाने आपल्या तोंडावरून हात फिरवला आणि खाली बसला.

घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. वस्तीतली माणसं ओट्यावर जमली होती. बाबाराव म्हणून एक वडीलधारा होता, त्याने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं की मारोतीने मुद्दाम केलं. गावाने त्याच्याकडून करवून घेतलं, म्हणजे वस्तीचा धंदाही बुडेल आणि कोलामही फिरतील. ठाण्यात जाऊ या, असं एकजण म्हणाला. देवराव ऐकत होता. त्यालाही तेच वाटत होतं, आणि तसंच असावं असंही कुठेतरी वाटत होतं, कारण तसं असेल तर दोष स्पष्ट होता आणि तो दुसऱ्याचा होता.

सत्यशीला आतून म्हणाली, "आधी त्याले इचारा तं खरी. पोत्याले इचारून काय समजन?"

दुसऱ्या दिवशी देवराव पळसाखाली गेला नाही. तो भर सकाळी सरळ गावात शिरला आणि मारोतीच्या भट्टीसमोर जाऊन उभा राहिला. चार वर्षांत तो तिथे पहिल्यांदा आला होता. भाता ओढणारा थांबला. समोरच्या पारावर बसलेली माणसं उठून पाहू लागली. मारोतीने ऐरणीवरचा फाळ बाजूला केला आणि मान खाली घातली.

देवरावने मोडके तुकडे ऐरणीवर ठेवले. "हे तू मुद्दाम केलं का मारोतीदादा?"

मारोतीने तुकडा उचलला, काळी जागा पाहिली. त्याचा चेहरा उतरला. "नाही," तो म्हणाला. मग पारावरच्या माणसांकडे एकदा पाहून, आवाज खाली घेऊन म्हणाला, "पन मले समजलं होतं."

"काय समजलं होतं?"

"या खेपी पान्यात टाकलं का आवाज येये. टिक. बारीक, ढेकूळ फुटल्यावानी. समद्याईले नाही, काहीकाईले. म्या पाह्यलं तं चीर दिसे ना. म्हनलं असंन काही."

"मंग सांगतलं काहून नाही?"

मारोतीने तुकडा परत ऐरणीवर ठेवला. मग म्हणाला, "कुठी येऊन सांगू? तुया वस्तीत? तिकडून येताना कोनी पाह्यलं असतं तं मायी भट्टी इझवली असती थ्याईनं."

देवरावला शिवी द्यावीशी वाटली, पण त्याने दिली नाही. मारोती खोटं बोलत नव्हता हे त्याला दिसत होतं, आणि तेच जास्त जड जात होतं. त्या माणसाने काही वाईट केलं नव्हतं. फक्त एक आवाज ऐकला होता आणि तो स्वतःजवळ ठेवला होता. देवरावला आठवलं की या वर्षीचे पाटे घासताना त्याची स्वतःची कानसही सटकत होती, दरवर्षीपेक्षा लवकर बोथट होत होती. त्यानेही म्हटलं होतं, असेल काही. दोघांपैकी एकजण जरी दुसऱ्याशी सरळ बोलू शकला असता, तरी आयतूचा अंगठा शाबूत राहिला असता.

तुकडे उचलून तो निघाला. मारोतीकडे पुन्हा पाती द्यायची नाहीत, एवढं पक्कं झालं होतं. मग द्यायची कोणाकडे, हे मात्र कळत नव्हतं. बांबूतोड तोंडावर आली होती. ठेकेदाराच्या मुकादमाने निरोप धाडला होता की आठवड्याभरात कोयते हातात पडले नाहीत तर तो नागपूरहून कारखान्याचे मागवील, आणि एकदा ते आले की देवरावचं जंगलातलं काम संपलंच.

पांढरकवड्याच्या बाजाराच्या दिवशी त्याने नवी, अजून पाणी न दिलेली पाती बरोबर घेतली. बाजाराच्या टोकाला गाडीलोहारांचा तांडा उतरला होता. त्यातला पूनमसिंग पाणी द्यायला नावाजलेला होता. तो गिऱ्हाइकासमोर, रस्त्यावरच भट्टी पेटवायचा, त्यामुळे त्याच्या कामात लपवण्यासारखं काही नव्हतं, हे देवरावला आवडलं. पूनमसिंगने पातं हातात घेतलं, कानस फिरवून पाहिली, नाकाशी धरलं, मग एका पात्याचं टोक लाल करून बादलीत बुडवलं. टिक. हाच तो आवाज.

"ये पानी का लोहा नाही, बावा," पूनमसिंग म्हणाला. "नवीन गाडी का पाटा हाय. पुरानी लष्करी गाडी का पाटा पानी पीता था, ये नही पीता. इसको तेल पायजे. पीपाभर तेल. माझ्याकडे कुठून येणार?"

देवरावने त्याला सांगून पाहिलं की थोड्या तेलात होत असेल तर कर. पूनमसिंगने पातं परत त्याच्या हातात दिलं. थोड्या तेलाला आग लागते, पातं अर्धवट राहतं, आणि आपण उद्या इथून उठून जाणार, मग माणूस कापला तर तू कोणाला शोधशील, असं त्याने विचारलं. बुडवून तडकलेलं टोक त्याने हातोड्याने स्वतःच तोडून टाकलं, कोणी चुकून वापरू नये म्हणून. त्या एका गोष्टीने देवरावला वाटलं की याच्याकडेच काम द्यावं. पण तो करत नव्हता.

पीपाभर तेल म्हणजे सडकेवरची देवीलालची कमानीची वर्कशॉप. देवीलाल उत्तरेकडून येऊन तिथे स्थायिक झालेला, जाडजूड, कमी बोलणारा माणूस. ट्रकांचे पाटे बनवणं, वाकवणं, तेलात बुडवून कडक करणं हेच त्याचं रोजचं काम. देवराव गेला तेव्हा दोन ट्रक उभे होते आणि देवीलाल घामाने निथळत होता. त्याने पातं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "किधर का हाय?"

देवराव ताठ झाला. "खैरझरीचा. बौद्धवाड्यातला."

"पाटा किधर का हाय, ते विचारलं," देवीलाल म्हणाला आणि पातं बाजूला ठेवलं. "होऊन जाईल. ठेव अन् जा. परसो येऊन घेऊन जा."

देवरावने सांगितलं की तो पाती ठेवून जाणार नाही, पाणी देताना भट्टीपाशी उभा राहील. देवीलालने मान हलवली. भट्टीवर तो कोणाला उभं राहू देत नाही. एकदा तेलाचा भडका उडून एका ड्रायव्हरचं तोंड भाजलं होतं, तेव्हापासूनचा नियम. काम पसंत नसेल तर पाती घेऊन जा, असं म्हणून तो ट्रकाखाली शिरला. देवराव पाती उचलून निघाला.

घरी सत्यशीलाने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली की तेल आहे, भट्टी आहे, हात आहे, मग उभं राहण्यासाठी अडून कशाला बसायचं. मुकादमाने दिलेली मुदत संपत आली होती. देवराव चिडून म्हणाला की चार वर्षं पोत्यावर भरवसा ठेवला, त्याचं काय झालं ते तिने पाहिलं आहे. देवीलालकडेही पाती टिक वाजली आणि त्याने म्हटलं असेल काही, तर?

"हे त्याले सांगतलं का तुमी?" सत्यशीलाने विचारलं.

"कोनतं?"

"आयतूचं. हे मले सांगून काय उपेग? मले तं मालूम हाय. त्याले सांगा. मोडका तुकडा त्याच्या म्होरं ठेवा. तरी नाही म्हनला तं मी बी म्हनन, नोको."

दुसऱ्या दिवशी पहाटेच देवराव निघाला. देवीलालची भट्टी नुकतीच पेटत होती, ट्रक अजून यायचे होते. देवरावने आयतूच्या कोयत्याचे दोन्ही तुकडे ऐरणीवर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. सांगायची त्याला सवय नव्हती. मध्ये मध्ये थांबत, मागचं पुढे करत त्याने सांगितलं. काळी जागा दाखवली. मारोतीला आलेला आवाज सांगितला, आणि मारोतीने तो का सांगितला नाही तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "मले तुमचं काम शिकाचं नाही. चोराचं बी नाही. फक्त मायं पातं तडकलं तं मले तिथीच समजलं पायजे."

देवीलालने तुकडा उजेडाकडे धरला. काळ्या जागेवरून अंगठा फिरवला. "कोणता हात?" त्याने विचारलं.

"डावा. अंगठा."

देवीलालने कोपऱ्यातलं एक जाड गोणपाट उचलून देवरावकडे फेकलं. "ओलं करून तोंडावर घे. अन् माझ्या मागे उभा राहा. बाजूला नाही."

वर्कशॉपची दारं त्याने लोटून घेतली, म्हणजे लाली नीट दिसेल. आत काळोख झाला, फक्त भट्टीचा उजेड. पहिलं पातं विस्तवात गेलं. काळं, मग विटकरी, मग गुंजेसारखं. देवरावचे डोळे त्याच्यावर खिळले होते. आता काढ, असं त्याच्या मनात आलं. देवीलालने काढलं नाही. रंग आणखी थोडा उघडला, पिकल्या टेंभरासारखा केशरी झाला, आणि देवीलालने सांडशीने पातं उचलून एका हालचालीत तेलात सोडलं. भडका छतापर्यंत गेला. देवराव मागे सरकला नाही. ओल्या गोणपाटातून तो फक्त कान देऊन होता. तेल खदखदलं, धूर झाला, भडका बसला. टिक आलं नाही.

तरी त्याचा विश्वास बसेना. दुसरं पातं, तिसरं. प्रत्येक वेळी नुसतं तेल खदखदायचं. एकाच्या वेळी भडक्यात काहीतरी वाजल्याचा त्याला भास झाला. त्याने देवीलालच्या पाठीला हात लावला. देवीलालने मागे न पाहता विचारलं, "तू ऐकलं?"

"ऐकल्यावानी वाटलं."

"मलाही," देवीलाल म्हणाला आणि ते पातं वेगळं ठेवलं.

सगळी पाती थंड झाल्यावर देवीलालने ती घासलेटात बुडवली, फडक्याने कोरडी पुसली आणि त्यांवर खडूची भुकटी चोळली. मोडक्या पाट्यांची चीर तो अशीच शोधायचा. चिरीत शिरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. दोघे वाट पाहत बसले. पाती पांढरी राहिली. वेगळ्या ठेवलेल्या पात्यावर मात्र धारेपासून आत केसाएवढी एक रेघ उमटली. देवीलालने ते ऐरणीवर धरलं आणि एका घावात मोडलं. मोडलेल्या जागी देवरावला दाखवलं की चीर त्या पाट्यात आधीचीच होती, गाडीखाली असतानाची, जुन्या गंजाने लाल झालेली. पुढल्या वेळी कापायच्या आधीच पाट्यांना घासलेट लावून ये, असं त्याने सांगितलं.

उरलेली पाती त्याने तापलेल्या जाड पत्र्यावर ठेवून शेकली, धारेवर गवती पिवळा आणि पाठीवर जांभळा रंग चढेपर्यंत. दुपारी दारं उघडली तेव्हा बाहेर ट्रकवाले शिव्या देत थांबले होते. देवीलालने कोणाला उत्तर दिलं नाही.

मुदतीचे उरलेले दिवस देवराव रोज गेला. कोयते वेळेत झाले. पण ते घ्यायला एकही कोलाम आला नाही. मुकादमाने कोयते बांबूतोडीच्या छावणीवर नेऊन ठेवले, आणि कोलामांनी त्यांना हात लावला नाही. ते आपले जुने, झिजलेले, दोरीने बांधलेले कोयते घेऊन बसले. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. मुकादम ओरडला तर ते ऐकून घेत आणि तिथेच बसून राहत.

देवराव छावणीवर गेला. समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. तेल, घासलेट, खडू हे सांगितलं तरी त्यांनी का मानावं? त्याने ढिगातला एक कोयता उचलला आणि समोरच्या बेटातला बांबू तोडायला लागला. डाव्या हाताने बांबू धरून, तोंड पात्याजवळ नेऊन, सगळ्यांना दिसेल असं. एक झाला की तो कोयता बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा, मग तिसरा. मुद्दाम गाठीवरच घाव घालायचा. त्याला भीती वाटत नव्हती असं नाही. प्रत्येक नव्या कोयत्याच्या पहिल्या घावाला त्याचे डोळे आपोआप मिटत.

पण बांबू तोडणं हे त्याचं काम नव्हतं. घाव वेडावाकडा पडायचा, बांबू फाटायचा, बेटात अडकायचा. कानशीची सवय असलेलं मनगट दुपारपर्यंत सुजलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. कोलाम आपापलं काम करत होते आणि अधूनमधून त्याच्याकडे पाहत होते. त्याने फाडलेल्या बांबूंकडे पाहून एका म्हाताऱ्याने तोंड फिरवून हसून घेतलं.

तिसऱ्या दिवशी आयतूची बायको छावणीवर आली. आयतूचा हात अजून गळ्यात बांधलेला होता. घरात तोडणारं आता तीच होती. तिच्याजवळ तिच्या सासऱ्याचा जुना कोयता होता, त्याची धार झिजून पाठीला टेकली होती. ती थोडा वेळ देवरावच्या मागे उभी राहिली. तो एका वाकड्या बांबूशी झटत होता, घाव वर जात होता, बूड हलत नव्हतं.

"तसं नाही," ती म्हणाली.

देवराव थांबला. तिने त्याच्या हातातला कोयता घेतला, काही क्षण पात्याकडे पाहिलं, अंगठ्याने धार तपासली. तिने बांबूचं बूड पायाने दाबलं आणि खालून तिरका एकच घाव घातला. बांबू सरळ कापला गेला. मग ती पुढच्या बांबूकडे वळली, आणि कोयता परत द्यायचं तिने नाव काढलं नाही.